वादळाचा फोटो: कुठे उभे राहून?

माननीय संपादकांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण वाचकांना आवाहन केले आहे. मिरगापासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, गोव्यातल्या वादळपावसाचे, विजांचे आणि खवळलेल्या दर्याचे फोटो पाठवा, 'सर्वांत थरारक' फोटोला बक्षीस आणि पहिल्या पानावर जागा. आभाळाच्या फोटोला कुणीतरी पहिले पान देऊ केले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण 'थरारक' या शब्दापाशी मी अडलो, आणि दोन दिवस विचार करून हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर जरूर कापा, हणजूणच्या खडकाची हकिकत तेवढी राहू द्या.

म्हापशाच्या बाजाराजवळ माझा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्ने, मुंजी, फेस्ते, शाळांची स्नेहसंमेलने यांवर घर चालले, दोन मुली शिकल्या. आभाळाचे फोटो मात्र मी कुणाच्या ऑर्डरीवाचून काढत आलो. पहिला काढला १९९३ च्या जूनमध्ये, मोरजीला, आजोळी. स्टुडिओतला यशिका कॅमेरा, फिल्मवर बारा फोटो, त्यांतले नऊ लाटांच्या तुषारांनी धुरकट झालेले. उरलेल्या तिनांतला एक मोठा करून मामांना दाखवायला नेला. मामा रापणकार होते, किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरणारे. त्यांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "खंयच्यान काडला? वारें खंयचें आशिल्लें?" कुठून काढला ते मी कसेबसे सांगितले. वारा कुठला होता, ते काही आठवेना. त्यांनी फोटो परत माझ्या हातात दिला. मग यावरून मी काय समजायचे, म्हणाले.

मला तेव्हा वाईट वाटले. पण त्या दिवसापासून प्रत्येक फोटोच्या पाकिटावर मी तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा, कॅमेऱ्याचे तोंड कुठल्या दिशेला, वारा कुठून आणि लेन्स कुठली, एवढे लिहीत आलो. फिल्म गेली, डिजिटल आले, तरी वही सुटली नाही. आज माझ्याकडे अशा सत्तावीस वह्या आहेत. काही पानांवर अजून मीठ आहे, बोट फिरवले की खरखरते.

या नोंदींचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर मी एका माडाचे फोटो दाखवतो. १६ मे २०२१, रविवार. 'तौक्ते' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकत होते. कोविडची संचारबंदी होती, घराबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. मी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या परसातला तो एकच माड टिपत राहिलो. पहाटे साडेपाचला त्याच्या झावळ्या वायव्येकडे फेकल्या जात होत्या, म्हणजे वारा आग्नेयेचा. पुढे त्या उत्तरेकडे वळल्या. दुपारी दोननंतर ईशान्येकडे, वारा नैर्ऋत्येचा. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की वादळाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. बाइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला हा नियम खलाशांना पाठ असतो. तो लावून माझे फोटो पाहिले तर वादळ पहाटे आपल्या नैर्ऋत्येला होते, मग पश्चिमेला आले आणि दुपारी वायव्येकडे निघून गेले, हे एका माडावरून कळते. आल्तिनोवरच्या हवामान केंद्रात याहून कितीतरी अचूक नोंदी आहेत. पण आमच्या वाड्यावर वारा किती वाजता फिरला आणि कौले कुठल्या बाजूची उडाली, ते या फोटोंत आहे. त्या दिवशी गोव्यात दोघांचा जीव गेला, शेकडो झाडे आडवी झाली, आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती. आपल्या स्पर्धेत हा माड पाठवला तर पहिल्याच चाळणीत गळेल, कारण त्यात थरार काही नाही.

'रिव्हर प्रिन्सेस'चेही तसेच. ६ जून २००० ला हे जहाज कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतले, तेव्हा पहिल्या आठवड्यात फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली होती. मीही गेलो. सिकेरीच्या बुरुजाजवळची एक जागा ठरवली आणि दर वर्षी मिरगानंतरच्या पहिल्या मोठ्या भरतीला त्याच जागेवरून, त्याच पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने एक फोटो काढायचा, असा नेम धरला. तिसऱ्या वर्षी तिथे मी एकटाच होतो. बारा वर्षांनी जहाज तोडून काढले, तोवर माझ्याकडे बारा फोटो जमले होते. सुटा घेतला तर त्यांतला एकही बघण्यासारखा नाही. ओळीने मांडले की जहाज गंजताना, वाकताना दिसते आणि अलीकडची रेती सरकताना दिसते. एका कुंपणाचा सिमेंटचा खांब पहिल्या फोटोत भरतीच्या रेषेपासून चांगला वीस पावले आत आहे. आठव्या फोटोत त्याच्या बुंध्याशी फेस आहे. नवव्यात खांबच नाही.

मी फक्त नोंदीसाठी फोटो काढतो असा कुणी समज करून घेऊ नये. पावसाची सर दर्यावरून चालत येताना पाहिली की आजही माझ्या छातीत धडधडते. रेईश मागूशच्या किल्ल्यातून एकदा जूनमध्ये मी दर अर्ध्या मिनिटाला एक असे सलग फोटो काढले. पश्चिमेला पांढरा पडदा उभा राहिला. आधी त्याने आग्वादचा किल्ला गिळला, मग काबोचे टोक, मग मिरामारची झाडे एकेक करून पुसली गेली, मांडवीचे पाणी शिशासारखे झाले, आणि पडदा येऊन किल्ल्याच्या भिंतीवर आपटला. आग्वाद दिसेनासा होण्यापासून पहिला थेंब माझ्या खिडकीवर पडेपर्यंत पाच मिनिटे. अंतर सरळ रेषेत चार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ती सर ताशी पन्नास किलोमीटरच्या जवळपास वेगाने आली. हे दहा फोटो मला माझ्या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहेत, आणि ते काढताना माझे पाऊलही भिजले नाही.

आता विजांविषयी. आपल्या आवाहनात विजांचा खास उल्लेख आहे आणि मुदत चवथीपर्यंतची आहे. ती कृपया दिवाळीपर्यंत वाढवा. ऐन पावसात आपल्याकडे विजा थोड्या. ढगात वीज तयार व्हायला बर्फाचे कण आणि गारांचे दाणे एकमेकांवर आदळावे लागतात, त्यासाठी हवा जोराने वर चढून ढग खूप उंच जावा लागतो. जून-जुलैत पश्चिमेचा वारा दमट आणि सलग असतो, पाऊस धो धो पडतो, पण ढगांना तसा जोर नसतो. मे महिन्यात आणि पुन्हा हस्ताच्या पावसात जमीन तापते आणि दुपारी पूर्वेच्या डोंगरांत, सत्तरी, चोर्ला, आंबोलीच्या डोक्यावर ढग उभे राहतात. त्यांचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. संध्याकाळी वरचा पूर्वेचा वारा त्यांना आपल्याकडे ढकलतो. दिवस मावळला की बार्देशच्या किनाऱ्याकडे तोंड न करता पूर्वेकडे बघत बसावे. विजा डोंगरावरून येतात, डोक्यावरून जातात आणि रात्री आठ-नऊला दर्यावर पोचतात. मग वळावे.

विजेचा फोटो काढणे अंधारात अवघड नाही. कॅमेरा तिपाईवर, लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) आठवर, आयएसओ शंभर, कॅमेऱ्याचा पडदा (शटर) पंधरा-वीस सेकंद उघडा, फोकस हाताने लांबवर बांधलेला. वीज आपला फोटो आपणच काढते. अवघड आहे ते आपण कुठे उभे राहायचे हे ठरवणे. १९९८ च्या ऑक्टोबरात मी पर्वरीच्या उघड्या सड्यावर, कातळाच्या माळावर, तिपाई लावून उभा होतो. गडगडाट अजून लांब होता. अचानक तिपाईतून मधमाश्यांसारखा आवाज यायला लागला आणि हातांवरचे केस उभे राहिले. कॅमेरा टाकून मी गाडीकडे धावलो. दार लावले आणि सड्यावर जिथे वीज पडली ते ठिकाण माझ्यापासून एका हाकेवर होते. त्या संध्याकाळी सगळ्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू माझी तिपाई होती, आणि तिच्यानंतर मी.

तेव्हापासून वीज चमकली की मोजतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर आले, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली, की मी घरात किंवा काचा वर केलेल्या गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अॅप मोबाइलवर आहे, आसपास वीज पडत असली की सांगते. आंब्याखाली थांबू नये, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. पण कॅमेरा हातात आला की माणूस ते विसरतो.

विजेच्या पहिल्या फोटोंपैकी एक १८८२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी काढला. तोवर चित्रकार वीज करवतीच्या दात्यांसारखी काढत असत. फोटोत ती झाडाच्या मुळांसारखी, नदीच्या फाट्यांसारखी निघाली. पुढे दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच देशात डाकोटाच्या माळावरच्या चक्री वावटळीचा फोटो प्रसिद्ध झाला. तो काचेवर बराच हात फिरवून नटवला असावा, असे जाणकार मानतात. म्हणजे आभाळाचा नटवलेला फोटो ही आजची गोष्ट नाही. आज तो नटवायला वेळ लागत नाही, एवढेच.

विजांचे फोटो एकावर एक चढवून एकच चित्र करण्याची रीत आहे. मीही तसे केले आहे. हरमलला दीड तासात पडलेल्या बावीस विजा एका चौकटीत आणल्या. चित्र सुंदर झाले. खाली 'दीड तासातल्या बावीस विजा' असे लिहिले तर कुणाची फसवणूक होत नाही. ती ओळ गाळली तर वाचणाऱ्याला वाटते की हरमलवर एका क्षणात आभाळ फाटले होते. म्हणून ही ओळ स्पर्धकाने लिहिलीच पाहिजे आणि आपण ती छापलीच पाहिजे.

संगणकाने बनवलेल्या चित्रांचे तर काय सांगावे. गेल्या जुलैत बार्देशच्या किनाऱ्यावरचा म्हणून एक फोटो मोबाइलवर फिरत होता. दर्यातून आभाळापर्यंत गेलेला पाण्याचा खांब, पुढे माडांची रांग. माझ्या थोरल्या मुलीने दुबईहून रात्री अकराला घाबरून फोन केला. मी चष्मा लावून पाहिले. फोटो काढणाऱ्याचे तोंड समुद्राकडे होते आणि माडांच्या झावळ्या समुद्राकडे फेकलेल्या होत्या. जुलैत आपल्याकडे वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. तेवढ्या वाऱ्यात झावळ्या गावाच्या बाजूला, बघणाऱ्याच्या अंगावर येतात. मुलीला म्हटले, झोप जा, हा वारा आपला नाही. मामांनी १९९३ साली विचारलेल्या दोन प्रश्नांनी त्या रात्री एका मिनिटात काम केले. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक फोटोला आपण तेच दोन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे.

आणि आता हणजूण. २०१४ च्या जुलैमधली गोष्ट. पंधरवडाभर दर्या खवळलेला होता, मासेमारी बंदीमुळे होड्या वरच होत्या. हणजूणच्या काळ्या खडकांवर लाटा फुटून माडाएवढ्या उंच उडत होत्या. मी वरच्या उतारावर, पावसाळ्यासाठी बंद केलेल्या एका खाणावळीच्या पडवीत होतो. पाण्यापासून अडीचशे मीटर तरी लांब, डोक्यावर पत्रे, पाठीला भिंत. कॅमेऱ्याला तीनशेची लेन्स. एवढ्या लांबून लांबची लेन्स लावली की पुढचा खडक आणि मागची लाट एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. लाट खडकाच्या मागे बरीच लांब असली तरी ती आता बघणाऱ्याला उचलून नेणार असे वाटते. मला असा एक फोटो मिळाला. एका वर्तमानपत्राला दिला, त्यांनी तो पहिल्या पानावर पाच कॉलमांत छापला. वर शब्द होते, 'मृत्यूच्या जबड्यातून'. खाली माझे नाव. पडवी, अडीचशे मीटर, तीनशेची लेन्स, यातले काहीच नव्हते. मीही ते छापा म्हणून आग्रह धरला नव्हता. खरे सांगायचे तर त्या मथळ्याने मी सुखावलो. दिवसभर फोन वाजत होता, आणि 'तू इतक्या जवळ गेलास कसा' असे विचारणाऱ्यांना मी 'नाही, लांब होतो' असे म्हणालो नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार. कॉलेजातली तीन मुले मोबाइल घेऊन त्याच खडकावर उतरली. लाल बावटा लावलेला होता. पहिली दहा मिनिटे काही झाले नाही. मग लाटांची एक मोठी फळी आली आणि तिघांतला एक घसरून खडकांच्या फटीत गेला. जीवरक्षकांनी दोरी टाकून त्याला काढला. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

मला हे मंगळवारी कळले आणि मी त्याला बघायला इस्पितळात गेलो. आई उशाशी पेजेचा डबा घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितले. मुलगा उठून बसायचा प्रयत्न करू लागला. त्याला आनंदच झाला होता. म्हणाला, "अंकल, तुमी थंयच उबे आशिल्लेत न्ही?" मी त्याच खडकावर उभा होतो, असे तो समजत होता. मी त्याला पडवीबद्दल सांगितले. अडीचशे मीटर म्हणजे किती, तेही सांगितले, त्या वॉर्डापासून बाहेरच्या रस्त्यापलीकडच्या फार्मसीपर्यंत. तो काही बोलला नाही. आईने डब्याचे झाकण लावले. मी त्या वर्तमानपत्राला फोन करून फोटो कुठून काढला याचा खुलासा छापा म्हटले, तर फोटो आता जुना झाला, असे उत्तर मिळाले. मीही पुढे पाठपुरावा केला नाही. ती रुखरुख अजून आहे.

म्हणून 'थरारक' या शब्दाची मला भीती वाटते. आपण बक्षीस जाहीर केलेत की वीस वर्षांची मुले हणजूणला, वागातोरला, काबो द रामाच्या कड्यावर, दोनापावलच्या खडकांवर उतरणार. त्यांच्या हातात लांबची लेन्स नाही, मोबाइल आहे. मोबाइलने थरार आणायचा तर जवळच जावे लागते.

दर्या दहा मिनिटे शांत दिसला म्हणून तो शांत नसतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. समुद्राची माहिती देणारी हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते, त्यात तीन मीटर म्हटले तर पुष्कळ जण समजतात की सर्वांत उंच लाट तीन मीटरची. तो आकडा त्या वेळच्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी सुटी लाट त्याच्या दुपटीजवळ जाऊ शकते. आणि लाटा झुंडीने येतात. मधल्या वेळात माणूस दोन पावले पुढे सरकतो. वर आभाळ निवळ असेल तर आणखी पुढे सरकतो. २०१७ च्या डिसेंबरातले 'ओखी' चक्रीवादळ आठवा. वादळ आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पौर्णिमेची भरती, आणि रात्रीत मोरजी, मांद्रे, हरमल, केरीच्या शॅकांत पाणी शिरले. मी सकाळी पोचलो तेव्हा खाटा आणि खुर्च्या सुरूच्या झाडांत अडकल्या होत्या. रात्री झोपताना त्या शॅकवाल्यांना वादळाची काही चाहूल नव्हती. मामा सांगायचे, "दर्याक पाठ दाखोवंची न्हय." सेल्फी काढणाऱ्याची पाठ दर्याकडेच असते.

आपण नियमांत एवढे घातलेत तर पुष्कळ होईल. प्रत्येक फोटोबरोबर ठिकाण, तारीख, वेळ, कुठल्या दिशेला पाहून आणि नेमके कुठे उभे राहून काढला, हे स्पर्धकाने लिहावे. फोटो एकावर एक चढवले असतील तर तसे सांगावे. आणि लाल बावट्याच्या पुढे जाऊन, खडकाच्या टोकावर उभे राहून किंवा बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढलेला असताना होडी बाहेर काढून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी परत पाठवावा, आणि आपण तो का परत पाठवला हे छापावे. ही शेवटची गोष्ट आपल्याला जड जाईल, हे मी जाणतो. असा फोटो टेबलावर आला की संपादकाचा हात थरथरतो. पण छापलेला एक असा फोटो पुढच्या रविवारी किती जणांना खडकावर नेतो, ते मी पाहिले आहे. बक्षिसाचे नावही बदलता आले तर पाहा. 'उत्तम नोंद' असे एखादे बक्षीस ठेवा. एकाच खिडकीतून महिनाभर रोज बाराला आभाळ टिपणाऱ्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मुलीला ते मिळू दे.

२०१९ च्या ऑक्टोबरात 'क्यार' चक्रीवादळ येत असताना दिवाळीच्या तोंडावर असा पाऊस झाला की आमच्या वाड्यावरच्या पोरांच्या नरकासुराच्या पुतळ्याचा कागद गळून नुसता गवताचा सांगाडा उरला. त्याच वेळी दोनापावलला 'नु शी नलिनी' हे नाफ्त्याने भरलेले, माणूस नसलेले जहाज वाहत येऊन खडकाला लागले. सगळे कॅमेरे जहाजाकडे गेले, माझाही. नरकासुराच्या सांगाड्याचा एकच फोटो आमच्या शेजारच्या आठवीतल्या मुलाने मोबाइलवर काढला, वेळेसकट, आपल्याच घराच्या सोप्यातून. त्या आठवड्यातला माझ्या मते सर्वांत चांगला फोटो तो आहे. तो अजून त्याच्याकडे आहे. मी विचारून ठेवले आहे.

नव्या मुलांसाठी जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा धरली की काच कायमची खाते. पाऊस टिपून आलात की आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसा, मग कोरड्याने, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चामड्याच्या पाकिटात कधीच ठेवू नका. मी जुन्या लाकडी कपाटात पंधरा वॅटचा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवत असे. 'तौक्ते'नंतर वीज गेली, त्या तीन दिवसांत माझ्या दोन लेन्स गेल्या.

स्पर्धेसाठी नव्हे, नमुना म्हणून, सोबत एक फोटो पाठवत आहे. मथळा देऊ नये. छापलात तर खाली एवढेच छापावे:

केरी, पेडणे. मिरगाचा दुसरा दिवस, संध्याकाळी ६.४०, भरती चढताना. पश्चिमेकडे पाहून. वारा नैर्ऋत्येचा. किनाऱ्यालगतच्या देवळाच्या मंडपातून, पाण्यापासून सुमारे दीडशे मीटरवरून, दोनशेच्या लेन्सने, एकाच क्षणाचा फोटो. उजवीकडचा सुरू त्याच रात्री पडला.

आपला,
एक जुना स्टुडिओवाला
म्हापसा, बार्देश